सीट, बटण

हिरवा रंग माझ्या डोक्यात जातो. शेतातला, साडीचा, पोपटाचा कुठलाही हिरवा मला चालतो, पण ऑफिसात रोज सकाळी कॉम्प्युटरवर जो येतो तो बघितला की कपाळाची शीर उडायला लागते. आमच्याकडे तपासणी पास झाली की ओळ हिरवी होते, नापास झाली की लाल. सगळ्या ओळी हिरव्या असल्या की मॅनेजर खूश, मॅनेजर खूश म्हणजे ग्राहक खूश, आणि मग कोणीतरी समोशांची पिशवी घेऊन येतं. त्या हिरव्या ओळींच्या आत काय दडलंय हे बघायला कोणी थांबत नाही. मी थांबते, म्हणून ऑफिसात माझं टोपणनाव 'कटकट' आहे.

वेबसाइट तपासणं हे माझं काम. पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, खाली टायरचं दुकान. नातेवाइकांना वाटतं, ही दिवसभर इंटरनेट बघते आणि त्याचा पगार घेते. खरं सांगायचं तर मी बघतही नाही. मी प्रोग्रॅम लिहिते. तो प्रोग्रॅम स्वतःच ब्राउझर उघडतो, बटणं दाबतो, रकाने भरतो आणि सगळं जागच्या जागी आहे का ते सांगतो. त्याला डोळे नसतात. पानावर बटण लाल आहे की गुलाबी, सुबक आहे की बेढब, हे त्याला कळत नाही. पण पानावरच्या प्रत्येक वस्तूच्या मागे, वेबसाइट बनवणाऱ्याने काही माहिती लिहून ठेवलेली असते. तिला आम्ही अ‍ॅट्रिब्यूट म्हणतो. हे बटण कशाचं, हे चित्र कशाचं, ही लिंक कुठे नेते, असं सगळं त्यात असतं. पडद्यावर ते दिसत नाही. माझा प्रोग्रॅम बटणाजवळ जातो आणि विचारतो, तुझ्या मागे काय लिहिलंय? बटण जे उत्तर देईल ते तो मला आणून देतो.

या उत्तरांत खोड्या असतात. काही लिहिलेलंच नसेल तर 'काही नाही' असं उत्तर येतं. लिहायची जागा आहे पण आत काही नाही, तर कोरा मजकूर येतो. हे दोन्ही पकडणं सोपं. तिसरा प्रकार वाईट. काहीतरी लिहिलेलं असतं, पण त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नसतो. नुसतं 'काही लिहिलंय का' एवढंच विचारलं तर हा तिसरा प्रकार हसत हसत पास होतो. मला या धंद्यात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर या पाट्या टाकण्याचा.

हे सगळं इतकं सविस्तर सांगतेय ते दादांसाठी. वडिलांना आम्ही दादाच म्हणतो. येवल्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर आधी कडेने आणि मग मधूनही खाल्ली. आई गेल्यावर मी त्यांना इंदिरानगरला माझ्याकडे आणलं. आले, पण मन तिकडेच राहिलं. येवल्यात त्यांचा शाळेपासूनचा मित्र आहे, पैठणी विणतो. महिन्यातून एकदा तरी त्याच्या मागाशेजारी बसून गप्पा मारायच्या, चहा प्यायचा आणि संध्याकाळी परत यायचं, एवढंच दादांना हवं असायचं. आणि तिथे त्यांना एकट्याने जायचं असायचं. मी सोडायला येते म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ज्या माणसाने गावभरच्या पोरांना हाताला धरून शाळेत आणलं, त्याला पोरीने हाताला धरून नेलेलं कसं खपणार?

एसटीतली चढायची झुंबड त्यांना आता झेपत नव्हती. नेमकं त्याच सुमारास आमच्या ऑफिसला एका खासगी ट्रॅव्हल्सचं काम मिळालं. त्यांच्या गाड्या आमच्या इथल्या द्वारका चौकातून सुटून निफाड, विंचूर, येवल्यावरून पुढे संभाजीनगरला जातात. तिकीट काढायची वेबसाइट आम्ही केली. तपासायला मी होते. मी पहिल्या दिवसापासून हट्ट धरला, की गाडीच्या नकाशातल्या प्रत्येक सीटमागे नीट मजकूर हवा. रांग कितवी, डावीकडे की उजवीकडे, खिडकीची की आतली, रिकामी की भरलेली, महिलांसाठी राखीव असेल तर तेही. तेव्हा जो मुलगा ते पान बनवत होता तो गुणी होता. त्याने कुरकुर न करता सगळं लिहिलं. माझा प्रोग्रॅम प्रत्येक सीटचा अ‍ॅट्रिब्यूट वाचायचा आणि गाडीच्या खऱ्या आराखड्याशी ताडून बघायचा. तेव्हाचा हिरवा रंग खरा होता.

दादांच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय आहे. बोट फिरवलं की फोन बोलतो. तो काय बोलतो? तेच, मागे लिहिलेलं. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला जे ऐकू येतं, तेच दादांना. दोघांनाही पडदा दिसत नाही, आणि कोणीतरी प्रामाणिकपणे काही लिहून ठेवलं असेल याच्या भरवशावर दोघांचं चालतं. हे मला एकदा भाजी निवडताना सुचलं आणि मी ते दादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुझं पोरगं आणि मी एकाच वर्गात." त्या प्रोग्रॅमला ते 'तुझं पोरगं' म्हणायचे.

पहिलं तिकीट त्यांनी स्वतः काढलं तो दिवस मला लख्ख आठवतो. डायनिंग टेबलाशी ताठ बसून, फोन कानाजवळ धरून, एकेका सीटवर बोट फिरवत होते. "तिसरी रांग, डावीकडे, खिडकी, रिकामी, बटण." दोनदा दाबलं. मग माझ्याकडे तोंड करून, निकाल जाहीर केल्यासारखं म्हणाले, "झालं."

डावीकडचीच खिडकी का, तर तिकडून वारा बरोबर येतो म्हणे. दिसत नसताना खिडकी कशाला, असं आमच्या शेजारणीने विचारलं होतं. दादांनी तिला अख्खा रस्ता ऐकवला. चांदोरीच्या पुलावर हवा गार होते, निफाडच्या पुढे द्राक्षाच्या बागांत फवारणीचा वास येतो, विंचूर आलं की कांद्याचा. क्लीनरने ओरडायच्या आधी मला कळतं येवला आलं, असं त्यांनी छाती काढून सांगितलं. कितीतरी महिने असं सुरळीत चाललं. पांढरी काठी ते घडी करून पिशवीत ठेवायचे. रिक्षावाला ओळखीचा, गाडीत सीट पाठ, येवल्यात मित्र घ्यायला उभा. काठी काढायची वेळच यायची नाही, आणि त्यांना तेच हवं होतं.

मग ग्राहकाला नवीन रूप हवं झालं. जुनं पान म्हणे जुनाट दिसतं. तो गुणी मुलगा पुण्याला नोकरी धरून गेला होता. नव्या लोकांनी गाडीचा नकाशा नव्याने काढला, गोलाकार कडांच्या सीटा, महिलांच्या सीटा गुलाबी, बोट ठेवलं की हलणाऱ्या. दिसायला छान होतं, मी नाही म्हणणार नाही. पण माझी तपासणी लालभडक झाली. प्रोग्रॅम एकेका सीटजवळ जाऊन विचारत होता, तुझ्या मागे काय लिहिलंय, आणि गाडीभर एकच उत्तर येत होतं. सीट. सीट. सीट. पहिलीला तेच, शेवटच्या रांगेला तेच, गुलाबीलाही तेच. एका सीटवर लिहिलं आणि बाकीच्यांवर चिकटवत गेले.

मी मॅनेजरकडे गेले. माणूस गोड बोलतो, त्यामुळे त्याच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. मी त्याला सगळं दाखवलं. गुलाबी रंग फक्त बघणाऱ्याला कळतो, ऐकणाऱ्याला नाही, हेही सांगितलं. पुढच्या पानावर प्रवासी स्त्री आहे की पुरुष हे विचारतात, पण ते सीटशी ताडून बघायचं काम यांनी 'नंतर'वर ढकललंय, हे पण दाखवलं.

"तुझा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मला सांग, आपल्या साइटवर असे किती जण येत असतील?"

"एक तर माझ्याच घरात आहे, सर."

"अगं, मग घरचं कोणीतरी काढून देतंच ना."

मी ऐकून घ्यायला तयार नाही असं बघून त्याने शब्द दिला. पान लाइव्ह जायच्या, म्हणजे लोकांना खुलं व्हायच्या आधी सगळं दुरुस्त करून घेऊ, तोवर ग्राहकाला दाखवण्यापुरता रिपोर्ट लाल नको. आणि माझ्यासमोरच त्याने माझ्या तपासणीतली अट बदलली. सीटमागे काय लिहिलंय ते बघायचं नाही. काहीतरी लिहिलेलं आहे एवढंच बघायचं. एका ओळीचा बदल. त्याने कळ दाबली आणि गाडी खालपासून वरपर्यंत हिरवीगार झाली. संध्याकाळी समोसे आले. मी खाल्ले नाहीत, त्यावरूनही टोमणे ऐकले.

मला दुसऱ्या कामावर टाकलं गेलं. ते नवीन पान कधी लाइव्ह गेलं, मला कुणी सांगितलं नाही. मला ते दादांकडून कळलं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा दादा येवल्याहून परतले होते. एरवी येवल्याहून आले की ते बोलत सुटतात, मित्राच्या मागावर कुठला पदर चढलाय इथपासून. त्या दिवशी मात्र जेवताना भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ मोडत बसले. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "का गं, तुमच्या नव्या साइटवर सगळ्या सीटा सारख्याच असतात का?"

मी फोन मागितला, ती सोय चालू केली, नकाशावर बोट फिरवलं. "सीट, बटण. सीट, बटण. सीट, बटण."

"मला वाटलं फोन बिघडला," दादा म्हणाले. "वर्गात शिरावं आणि सगळ्यांना मुलगा, मुलगा, मुलगा म्हणून हाका माराव्यात तसं चाललं होतं. मग मी मागचं आठवून अंदाजाने बोट ठेवलं. सुरुवातीपासून मोजत गेलो. पण यांनी मोजायची सुरुवात बदलली असणार."

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं, मध्ये पाणी पीत. त्यांचा अंदाज चुकून महिलांच्या सीटवर पडला होता. गाडीत त्या दिवशी क्लीनर नवा होता, त्याने तिकिटावरचा नंबर बघून घाईघाईत नेऊन बसवलं. द्वारकेला शेजारी एक बाई येऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी क्लीनरला बोलावून काहीतरी हळू विचारलं. बाईंचं काही चुकलं नाही, दादांनी हे दोनदा सांगितलं. क्लीनर मात्र अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ बाबा, ही लेडीज सीट हाय. बुक करताना रंग दिसत नाय का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उठलो."

उठायला त्यांना वेळ लागला. पिशवी सापडेना, पाय कुठे ठेवायचा कळेना. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारे झाले तरी काहींची सवय जात नाय." आणि दोन-चार जण हसले. हे सांगताना दादांचा आवाज अगदी वर्गात वाचून दाखवल्यासारखा सपाट होता. त्यांना सगळ्यात मागे, मधल्या सीटवर बसवलं. तिथे वारा लागत नाही. चांदोरी कधी गेली, निफाड कधी गेलं, त्यांना काही कळलं नाही. येवला आलं तेही क्लीनरने दंडाला धरून सांगितलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काठी का नाही काढलीत? काठी बघितली असती तर त्याची बोलायची हिंमत झाली असती का?"

"काठी काढून काय दाखवायचं? मी तसा माणूस नाही म्हणून?" त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "जाऊ दे. तुमच्याकडे एवढी शिकलेली माणसं तपासतात. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी जीव तोडून सांगितलं. दादा, तुमचं काही चुकलं नाही, त्यांनीच चिकटवाचिकटवी केली, मी भांडले होते, माझी तपासणी त्यांनी बोथट केली. ते मान हलवत होते. आयुष्यभर ते पोरांना सांगत आले, की तपासून दिलेल्या कामावर विश्वास ठेवावा. लाल शाईच्या माणसाला हिरव्या रंगातली लबाडी कशी समजावून सांगायची? त्यांनी हात धुतले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळ्यांना म्हटलं, डोळे मिटा आणि मला डावीकडची खिडकी काढून द्या. फोन बोलायला लागला. सीट, बटण. सीट, बटण. एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. एकजण त्याच चालीत 'सीट, बटण' म्हणत टेबलावर ठेका धरायला लागला. मला वाटलं फोन उचलून भिंतीवर मारावा. मी दादांचं सांगितलं, सगळं, मागून आलेल्या त्या वाक्यासकट. ठेका धरणाऱ्याने हात टेबलाखाली घेतला. मॅनेजरने डोळे खाली केले, अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखे.

"खरंच सॉरी," तो म्हणाला. "पण हे बघ, रिपोर्ट हिरवा आहे, या महिन्यात आता मी तो उघडू शकत नाही. आणि घरात तुझ्यासारखी मुलगी असताना त्यांना हा त्रास कशाला? तूच काढून देत जा ना."

त्या दिवशी मी नोकरी सोडायला हवी होती, असं मैत्रिणी म्हणतात. घराचा हप्ता मैत्रिणी भरत नाहीत. मी जागेवर जाऊन बसले.

गंमत पुढे आहे, आणि ती आठवली की अजून तोंड कडू होतं. आठवड्याभरात ट्रॅव्हल्सवाल्यांकडून आमच्याकडे तक्रार आली, एकदम वरून. महिलांच्या सीटवर एक वयस्कर पुरुष बसलेला आढळला, गाडीत गोंधळ झाला, महिला प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, ताबडतोब दुरुस्त करा. गाडी तीच, दिवस तोच. तो वयस्कर पुरुष म्हणजे दादा. माझं म्हणणं जे महिनोन्‌महिने 'नंतर'च्या ढिगात पडलं होतं, ते दादांच्या विरुद्धच्या तक्रारीने एका दुपारीत वर आलं. ज्या मॅनेजरला हा महिना रिपोर्ट उघडता येत नव्हता, तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणत होता, "तुझी ती जुनी कडक तपासणी आहे ना, ती परत लाव बरं."

मी लावली. प्रत्येक सीटमागे पुन्हा नीट मजकूर लिहिला गेला. रांग, बाजू, खिडकी, महिलांसाठी राखीव, सगळं. स्त्री-पुरुष ताडून बघायचंही झालं. प्रोग्रॅमने एकेका सीटला विचारलं आणि एकेका सीटने खरं उत्तर दिलं. ओळी हिरव्या झाल्या. मग आमच्या कंपनीने सोशल मीडियावर एक चित्र टाकलं, काळा चष्मा आणि पांढरी काठी घेतलेला एक हसरा म्हातारा, आणि वर लिहिलं, की आम्ही सर्वांसाठी काम करतो. ऑफिसातल्या सगळ्यांनी त्याला अंगठे दिले. मला मॅनेजरचा खास मेसेज आला, लाइक कर ना, तुझंच तर काम आहे.

पुढचा महिना आला तेव्हा येवल्याहून मित्राचा फोन आला, गड्या, येतोस की नाही? दादा हो-नाही करत राहिले. मी एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांच्यासमोर फोन ठेवला. म्हटलं, दादा, दुरुस्त झालंय. मी स्वतः बघितलंय, या वेळी खरंच. एकदा बोट फिरवून तरी बघा.

त्यांनी बोट फिरवलं. फोन बोलला, "तिसरी रांग, डावीकडे, खिडकी, रिकामी, बटण." त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, जुन्या ओळखीचं कोणी भेटल्यासारख्या. बोट तिथेच थांबलं. दोनदा दाबायचं होतं, बस.

त्यांनी बोट उचललं आणि फोन चाचपडत माझ्या हातात दिला.

"तूच काढून दे," ते म्हणाले. "आणि आता ती काठीही बाहेरच राहू दे, पिशवीत नको."

"बरं. डावीकडची खिडकी घेऊ ना?"

त्यांनी कपातला तळाचा चहा संपवला, कप बशीत ठेवला.

"कुठलीही घे," ते म्हणाले. "जिथून उठवणार नाहीत अशी."